शेवटी फुलणाऱ्या कोथिंबिरीचे बी राखा

मा. संपादक, स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या बेळगाव भागात येळ्ळूर-कडोलीपासून खानापूरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: पेंडी बांधायच्या आतच कोथिंबीर फुलावर आली. दोष वाढत्या उन्हाला आणि लांबलेल्या दिवसाला दिला जातो, तो खराही आहे. पण बियाण्याच्या डब्याकडे कोणी बघत नाही. वाफ्यातली पानदार झाडे आपण उपटून बाजाराला धाडतो. फुलून गेलेली, विकायला निरुपयोगी झाडे मागे राहतात आणि त्यांचेच धणे पुढच्या साली पेरतो. लवकर फुलण्याचा गुण दरवर्षी आपणच निवडत आलो आहोत.

हे उलटे फिरवायला बियाण्याचा वाफा वेगळा हवा. जानेवारीच्या मध्याला पेरावे. त्याआधी पेरले तर थंडीत सगळीच झाडे संथ असतात, फरक कळत नाही. धणे रगडून दोन फाकी कराव्यात, उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. ३००-४०० रोपे असावीत. मधला दांडा उंच होऊन वरची पाने बडीशेपेसारखी बारीक झाली की ते झाड फूल उमलायच्या आत उपटावे. इथेच बहुतेकांचे चुकते. उशिराच्या झाडाला खुणेची दोरी बांधतात, पण लवकरची झाडे शेजारी तशीच उभी ठेवतात. मधमाश्या त्यांचे पराग घेऊन येतात. आई उशिराची आणि बाप लवकरचा असे बी मिळते, सुधारणा निम्म्यावर येते.

बांधालगतच्या कोरड्या जागेतले झाडही लवकर फुलते, तो जातीचा गुण नव्हे. म्हणून वाफ्याचे १० चौकोन पाडून प्रत्येकातली शेवटची ५-६ झाडे राखावीत. एकूण झाडे पन्नासाच्या खाली गेली तर काही पिढ्यांत जोम घटतो. खुरटे झाड केवळ उशिरा फुलले म्हणून ठेवू नये.

मेथी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तिच्या एकेका उशिराच्या झाडाच्या शेंगा वेगळ्या ठेवून पुढच्या साली वेगळ्या ओळींत पेराव्यात. जी ओळ एकसारखी उशिरा फुलेल ती धरावी. पालकाचे पराग वाऱ्याने किलोमीटरभर जातात, तिथे शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळूनच काम करावे लागेल. अंबाडी दिवस लहान होताना फुलते, तिची निवड पावसाळा सरताना.

खरा घोर वळवाचा. उशिरा फुललेले धणे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि एका सरीत काळे पडतात. निम्मे दाणे तांबूस झाले की छत्र्या (धण्यांचे झुपके) कापून गोणपाटावर सावलीत वाळवाव्यात. आदल्या वर्षीचे थोडे बी मागे ठेवावे, म्हणजे साल वाया गेले तरी निवड वाया जात नाही.

असे बी एकमेकांना द्यायला, विकायलाही २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मोकळीक आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी येत्या जानेवारीत असा एकेक वाफा करून दाखवावा, ही विनंती.

— भाजी उत्पादक शेतकरी, बेळगाव तालुका