आई-बाबा, यंदाचं आइस्क्रीम तुम्ही लावा

एडिसन, न्यू जर्सी, रविवार रात्र, २१ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. पहाटे पाचलाच निघते आहे. पत्र फ्रीजवर लावलंय, चहाच्या दुधाला आलात की दिसेल.

ड्यूटी घेतली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मागचे दोन नाताळ मला सुट्टी होती; यंदा ज्यांच्या घरी तान्ही बाळं आहेत त्यांची पाळी. शिवाय या तीन रात्रींच्या बदल्यात जानेवारीत सलग आठ दिवस मिळतात, आणि तुमच्या परतीच्या विमानाआधीचे ते आठ दिवस मला घरात हवे आहेत. समीर रोज सहाला येतो. घराचा थर्मोस्टॅट ७२ फॅरनहाइटवर ठेवलाय, त्याला हात लावू नका. जाड रजई हॉलमधल्या कपाटात आहे. आईचा गुडघ्याचा शेक मायक्रोवेव्हशेजारी.

आता आइस्क्रीम. शेजारच्या आजींकडे गुरुवारी चारला नाताळचं जेवण, आणि एगनॉग (दूध, क्रीम, अंडं, साखर आणि जायफळाचं नाताळचं पेय) आइस्क्रीम दरवर्षी आपल्याकडून जातं. बाबा, तुम्ही म्हणाल दुकानात एगनॉगचं तयार खोकं मिळतं, तेच गोठवू. तसं करू नका. इथल्या नियमाप्रमाणे एगनॉगमध्ये दुधाचं फॅट निदान ६ टक्के लागतं, आणि बहुतेक खोकी त्याच्याच आसपास असतात. आइस्क्रीमला ते पुरत नाही, दाताखाली बर्फ कचकचतो. आपण ३६ टक्क्यांचं हेवी क्रीम घालतो.

यंत्राचं भांडं मी रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवलं आहे. तुमच्या पॉटमध्ये बर्फ आणि खडे मीठ बाहेरून असायचं, इथे गोठणारं पाणी भांड्याच्या दोन भिंतींच्या आत आहे. पूर्ण गोठायला २४ तास लागतात. कानाशी धरून हलवा. आत डुबडुबलं तर तयार नाही. ओल्या हाताने धरू नका, कातडी चिकटते.

आई, तुझं आधी, म्हणजे यंत्राला अंडं लागायच्या आत. गुरुवार तुझा, तेव्हा तू बिनअंड्याचंच खायचं, आणि सगळ्यांबरोबर बसून खायचं. एक कप दूध, एक कप क्रीम, अर्धा कप साखर, चिमूटभर मीठ. दीड टेबलस्पून कॉर्नस्टार्च थोड्या गार दुधात कालवून घाल. (आपलं कॉर्नफ्लोअर ते हेच. इथे कॉर्नफ्लोअर म्हणून मक्याचं पीठ देतात, म्हणून डब्यावर चिठ्ठी लावली आहे.) हे मिश्रण रटरट उकळायलाच हवं, नाहीतर पिठूळ लागतं. गॅस नाही हे लक्षात ठेव. बटण बंद केल्यावरही शेगडी बराच वेळ तापलेली राहते, पातेलं उचलून बाजूला घ्यायचं. सोमवारी संध्याकाळी करून फ्रीजमध्ये, मंगळवारी सकाळी यंत्रात. मग भांडं खोलीच्या उष्णतेला आलं की धुवा, खडखडीत कोरडं करा आणि परत २४ तास फ्रीजरमध्ये.

बाबा, अंड्याचं तुमच्याकडे. एक कप दूध, दोन कप क्रीम, पाऊण कप साखर (१५० ग्रॅम), पाच अंड्यांचा पिवळा बलक, चिमूटभर मीठ. पांढरं बरणीत ठेवा, समीर ऑम्लेट करेल. दूध, एक कप क्रीम, मीठ आणि अर्धी साखर वाफा येईपर्यंत तापवा. उरलेली साखर बलकात घालून फिका रंग येईपर्यंत फेटा, आणि गरम दूध त्यात डावभर डावभर, ढवळत ढवळत घाला. एकदम ओतलंत तर बलक शिजून गोळे होतात.

मग सगळं परत पातेल्यात, मंद आचेवर. लाकडी चमचा तळातून फिरता ठेवा. आधी वर फेस दिसेल, तो विरत जाईल, दूध चमच्याला जड लागायला लागेल. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की झालं. थर्मामीटर फॅरनहाइटचा आहे: १७०ला पातेलं उचला. १६०च्या खाली अंडं निर्धोक होत नाही, १८५च्या पुढे फाटतं. त्या वेळी फोन वाजला तर माझा असला तरी घेऊ नका. थोड्या गुठळ्या झाल्याच तर गाळल्यावर निघून जातील. उकडलेल्या अंड्याचा वास आला तर मात्र टाकून द्या, फ्रीजमध्ये दुसरा डझन आहे. उरलेलं कपभर गार क्रीम बर्फात ठेवलेल्या वाडग्यात घ्या आणि त्यातच हे गाळा, म्हणजे शिजणं तिथेच थांबतं.

जायफळ शेवटी, एक चमचा, आणि ते आईनेच किसायचं. पुरणात घालतेस त्या हाताने. तयार पूड नको, तिला लाकडाची चव येते. हे मंगळवारी दुपारी करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गार झालेलंच बुधवारी यंत्रात घाला. वीस-पंचवीस मिनिटांत मऊ श्रीखंडासारखं होतं. अर्ध्या तासातही घट्ट झालं नाही तर भांडं पुरतं गोठलेलं नाही. फिरवत बसू नका, मिश्रण फ्रीजमध्ये आणि भांडं फ्रीजरमध्ये. नाहीच झालं तर नाही झालं, आजींना मी सांगेन.

रम मी मुद्दाम घातलेली नाही. सई आहे, आणि बाबांच्या गोळ्या आहेत. लहान बाटली टेबलावर ठेवू, ज्यांना हवी ते वरून घेतील. रमने आइस्क्रीम मऊ राहतं, आपलं जरा घट्ट होईल, म्हणून वाढायच्या १५ मिनिटं आधी बाहेर काढायचं.

आणि बाबा, स्वतःसाठी साखर कमी करू नका. साखरेमुळेच ते दगडासारखं गोठत नाही. तुम्ही अर्धा स्कूप खा, आणि ताटातला बटाटा सोडा. सईच्या बाउलमधलं चाखणं त्यातच धरलं आहे. मी लहान असताना पॉटवरच्या गोणपाटावर मला बसवून दांडा फिरवायचात, तेव्हा पहिला चमचा माझाच असायचा. या खेपेला पहिला तुम्ही घ्या.

यंत्रातून काढल्यावर पसरट डब्यात, वर बटर पेपर दाबून, फ्रीजरच्या अगदी मागे ठेवा. दारात नको, तिथे सारखं वितळून परत गोठतं. सकाळची गोळी नाश्त्याआधी. पायरीवर बर्फ असेल तर टपाल आणायला जाऊ नका, कोणीही.

गुरुवारी दुपारी दोनपर्यंत पोहोचते. डबा तोवर उघडू नका.

तुमची,
मनू