वालाच्या दाण्याएवढा भाऊबंद

माहे, सेशेल्स
14 जानेवारी

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

आज संक्रांत, आणि मी चिखलाचे बूट वाळत घालून तुला लिहायला बसले आहे. हिंद महासागरातल्या या बेटाच्या डोंगरांवर दालचिनी नुसती माजली आहे. पावसात फांदी मोडली की तुझा मसाल्याचा डबा उघडल्यासारखा वास येतो.

परवा फोनवर तू विचारलंस, "दिसायला काडीचं साम्य नाही, मग केरळातला जांभळा बेडूक आणि तुझ्या बेटावरचे चिमुकले बेडूक भाऊबंद कसे?" तेवढ्यात फोन कट झाला, आणि तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

काल रात्री पाचोळा हलकेच सारला, तर खाली गार्डिनरचा बेडूक बसलेला. पूर्ण वाढलेला, तरी जेमतेम 11 मिलिमीटर, वालाच्या दाण्याएवढा! त्याला कानाचा पडदा नाही, तोंडाच्या पोकळीतून ऐकतो. बॅटरीच्या उजेडात त्याचा गळा लपलप हलत होता आणि मी श्वास धरून बघत होते.

आता केरळात इडुक्कीच्या डोंगरातला जांभळा बेडूक आठव, मी फोटो दाखवला होता तो. फुगीर अंग, टोकदार नाक. वर्षभर जमिनीखाली वाळवी खात राहतो आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस वर येतो. 2003 मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या बेल्जियमच्या सहकाऱ्याने जनुकं तपासून दाखवलं, की त्याचे सगळ्यात जवळचे नातलग इथले हे चिमुकले बेडूक.

कसं कळलं? आजीची आरत्यांची वही आठव. ऐकून लिहिताना तिने एक शब्द चुकवला. तू आणि मावशीने त्या वहीवरून उतरवून घेतलं, म्हणून तोच शब्द तुम्हा दोघींकडे चुकलेला. काकूच्या वहीत तो बरोबर आहे, कारण तिची वही तिच्या माहेरची. तुम्हा दोघींचं अक्षर वेगळं, कागद वेगळा, पण चूक एक, म्हणजे मूळ वही एक. जनुकंही अशीच पिढ्यान् पिढ्या उतरवली जातात आणि मध्येच एखादं अक्षर बदलतं. एखादी चूक योगायोगानेही दोघांकडे सापडेल, म्हणून अनेक जनुकांतली अक्षरं ताडून बघावी लागतात.

बेडकाला खारं पाणी सोसत नाही. मग एवढा समुद्र तो ओलांडणार कसा? तर ओलांडलाच नाही, जमीनच फुटली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, सेशेल्स भारतापासून सुटं झालं. आंबोलीच्या घाटातला काळा कातळ त्याच लाव्ह्याचा. त्या घाटातून मी किती वेळा गेले, आणि हे मला इथे येऊन उमगलं!

आमचं काम मात्र याहून जवळच्या नात्यांचं आहे. समोरच सिल्हूट बेट दिसतं. तिथे आणि इथे एकाच नावाचा बेडूक आहे, पण जनुकं सांगतात की दोघांची घरं फार पूर्वीच वेगळी झाली. म्हणजे इथला संपला तर तिथला आणून सोडता येणार नाही. सेशेल्सच्या या बेडकांच्या कुळाच्या चारच जाती जगात उरल्या आहेत, सगळ्या याच बेटांवर आणि चारही धोक्यात. डोंगरमाथ्यावरचं ओलं रान सुकलं तर ते जाणार कुठे? रात्री झोपताना मला हेच आठवत राहतं.

एक काम कर. फडताळातली आजीची वही काढ आणि त्या चुकलेल्या ओळीचा फोटो पाठव. मावशीच्या वहीचाही माग. इथल्या मैत्रिणींना मला दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचे आहेत. आणि माझ्या वाटणीचा तिळगूळ बाबांना दे.

तुझी लेक