इयन कर्टिसची गाणी बसवताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगला तुम्ही जॉय डिव्हिजनची, म्हणजे इयन कर्टिस ज्याचा गायक होता त्या इंग्लिश रॉक बँडची, तीन गाणी घेताय हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘रेकॉर्डसारखं वाजतच नाही’ असं लिहिलंयस, म्हणून तालमीचं रेकॉर्डिंग नीट कान देऊन ऐकलं.

पहिली गोष्ट तुझ्या बेसची. तू जाड तारांवर, खालच्या सुरांत वाजवतेस आणि घोळ तिथेच होतोय. त्यांचा बेसवादक पीटर हुक याचा अँप सुरुवातीला अगदीच यथातथा होता. बर्नार्ड समनरच्या गिटारपुढे त्याला स्वतःचा बेस ऐकूच यायचा नाही, म्हणून तो बारीक तारांवर, वरच्या सुरांत वाजवू लागला. इयनला ते आवडलं आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. तूही डी आणि जी या दोन तारांवर, सातव्या फ्रेटच्या पुढे वाजव. बोटांनी नको, पिकने. कोरस पेडल (सूर किंचित थरथरवून दाट करणारं) मिळालं तर गती मंद ठेव आणि डेप्थ अर्ध्यावर नेऊ नकोस, नाहीतर सूर डुलायला लागतो.

या गाण्यांत सुरावट बेसकडे असते. गिटार मधूनमधून ओरखडे काढते, एवढंच. तुमचा गिटारवाला सहाही तारांचे बार कॉर्ड अखंड वाजवतोय. त्याचा आवाज नेमका तुझ्याच जागेवर येऊन बसतो आणि दोघांचाही चिखल होतो. त्याला दोन-तीन तारांवर आण, कडवं चालू असताना हात थांबवायला सांग, आणि मिक्सरवर त्याच्या चॅनेलचं १५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’मध्ये ई मायनर, डी, बी मायनर, ए असे चारच कॉर्ड फिरतात. समनर सिंथेसायझरवर असे तेव्हा गिटार इयनच्या गळ्यात. त्याला ती फारशी येत नव्हती, तो बराचसा डी कॉर्डवर निभावून न्यायचा. तेव्हा गिटारवाल्याने कमीपणा वाटून घेऊ नये.

आता ड्रम. त्यांचा पहिला अल्बम ‘अननोन प्लेझर्स’ एप्रिल १९७९मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड झाला. निर्माता मार्टिन हॅनेट ड्रमर स्टीफन मॉरिसकडून ड्रमचे तुकडे वेगवेगळे वाजवून घ्यायचा, म्हणजे स्नेअरच्या माइकमध्ये हायहॅट शिरायला नको. मग त्या एकट्या स्नेअरवर तो डिजिटल डिले लावायचा, म्हणजे तोच ठोका क्षणभर उशिरा पुन्हा ऐकू येतो. ती रिकामी, गार जागा तिथून येते. स्टेजवर इतकं वेगळं करता येत नाही. स्नेअरला ३० मिलिसेकंदांच्या आसपास एकच डिले द्या, फीडबॅक शून्यावर. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अजिबात नको. तुमच्या पत्र्याच्या सभागृहात तो आधीच भरपूर आहे, वर आणखी घातलात तर शब्द कळणार नाहीत. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी क्रॅश सिम्बल मारायची तुमच्या ड्रमरची सवय मोडायला हवी. या संगीतात ठेका भरकटत नाही, सजतही नाही.

‘शीज लॉस्ट कंट्रोल’मधल्या त्या फुस्स आवाजाबद्दल विचारलं होतंस. बारा इंची रेकॉर्डसाठी मॉरिसने बंद बूथमध्ये खरोखरच टेप-हेड साफ करायचा स्प्रे मारला होता आणि त्याचा जीव गुदमरला होता. तुम्ही पॅडवर सॅम्पल लावा. डिओ घेऊन बंद खोलीत प्रयोग नकोत.

रेकॉर्ड आणि स्टेज यांत फरक ठेवलात तरी चालेल. हुक आणि समनर या दोघांनाही हॅनेटचं काम तेव्हा पसंत नव्हतं, कारण स्टेजवर त्यांचा आवाज याहून कितीतरी रांगडा होता. मला दोन्ही आवडतं. पण तुमच्याकडे पाच-सहा माइक आहेत, तेव्हा रांगड्याकडे झुका.

तुमचा गायक इयनसारखा ‘तो नाच’ करणार आहे असं लिहिलंयस. त्याला हे पत्र वाचायला दे. इयन मॅकल्सफील्डच्या रोजगार केंद्रात नोकरीला होता, अपंग लोकांना काम मिळवून देण्याचं खातं त्याच्याकडे होतं. तिथे एक तरुण मुलगी यायची, तिला फिट यायच्या. पुढे ती त्यातच गेली, आणि ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ तिच्यावर आहे. ते गाणं १९७८च्या मध्यावर स्टेजवर आलेलं होतं. त्याच वर्षी २७ डिसेंबरला लंडनचा कार्यक्रम करून परतताना गाडीत इयनला मोठी फिट आली आणि जानेवारीत एपिलेप्सीचं निदान झालं. हात झटकत तो नाचायचा आणि पुढेपुढे नाच कुठे संपला, झटका कुठे सुरू झाला, हे शेजारी उभ्या असलेल्या मित्रांनाही कळेना. त्याची नक्कल करू नये असं मला फार वाटतं. गायकाने माइकचा स्टँड धरून स्थिर उभं राहावं आणि गळा दाबून जाड आवाज काढू नये. पट्टी जमत नसेल तर गाणं दोन सूर वर घ्या, बेस तसाही वरच आहे.

तुमचा ड्रमर फिटच्या गोळ्या घेतो, म्हणून पुढचं सगळ्यांनी मिळून वाचा. ४ एप्रिल १९८०ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये स्ट्रोबच्या, म्हणजे झपाझप लुकलुकणाऱ्या दिव्यांनी इयनला फिट आली आणि तो मॉरिसच्या ड्रमवर कोसळला. त्याच रात्री त्यांनी दुसऱ्या ठिकाणी आणखी एक कार्यक्रम केला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, आणि तरीही ८ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या बरी या गावातल्या कार्यक्रमाला त्याला नेलं. तिथे अर्धा वेळ दुसऱ्यांनी गायलं, प्रेक्षक बिथरले, बाटल्या उडाल्या. १८ मे रोजी, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याच्या तोंडावर, तो गेला. वय २३. त्याच्या शब्दांकडे आपण कधी नीट लक्षच दिलं नाही, असं त्याच्या साथीदारांनी पुढे सांगितलं. जागरणं, दौरे, त्या काळची मन खचवणारी औषधं, मोडत आलेला संसार, सगळं एकदम अंगावर आलं होतं. तीही विशीतलीच पोरं होती, मी त्यांना दोष देत नाही.

तुमच्या हातात आहे ते असं. लाइटवाल्याला आजच सांगा, स्ट्रोब बंद. शार्पी (फिरते झोताचे दिवे) हीही झपझप उघडझाप करत सोडायच्या नाहीत. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा उजेड सर्वांत धोक्याचा. चुकून लागलाच तर ड्रमरने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते डोळे मिटून उपयोग नाही, पापणीतून उजेड आत जातोच. आदल्या रात्री तालीम दहाला संपवा, झोप मोडणं त्याला महागात पडेल. गोळी ठरल्या वेळी घेतली का, हे एकाने विचारायचं.

फिट आलीच तर आधी घड्याळ बघा. स्टँड, सिम्बल बाजूला करा, डोक्याखाली जॅकेट घाला, कॉलर सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही नाही. कोणीतरी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावेल, त्याला लांब ठेवा. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला परत ड्रमवर बसवायचं नाही, कार्यक्रम तिथेच थांबवायचा. मनाने कोणी खचलेलं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

पोस्टरवर तुम्हाला ‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावरच्या त्या रेघा हव्यात. तो सीपी १९१९ या पल्सारचा, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचा ठोका देणाऱ्या ताऱ्याचा, आलेख आहे. जोसलिन बेलने १९६७मध्ये केंब्रिजला पकडलेला हा पहिला पल्सार, दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका. एकापाठोपाठच्या ८० ठोक्यांच्या रेघा एकाखाली एक लावल्यात. मूळ चित्र पांढऱ्यावर काळं होतं, मुखपृष्ठ करणाऱ्या पीटर सॅव्हिलने ते उलटं, काळ्यावर पांढरं केलं. नुसत्या रेघा काढल्यात तर जाळं होईल. सगळ्यात वरच्या रेघेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक रेघेखालचा भाग काळ्याने भरत खाली या, म्हणजे पुढचा डोंगर मागच्याला झाकतो. पल्सारवर आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम चालतं, ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन असतं, तेव्हा सगळे मिळून जाऊन या.

पुढच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, पण फोन ड्रमपासून लांब ठेव.

तुझी आई