मंत्रिमहोदय, ओमानने काढलं ते समजलं, तुमचं काय?

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मस्कतच्या आमच्या कॉलेजने करार वाढवणार नसल्याचं पत्र हातात ठेवलं. कारण एकच: ओमानीकरण, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी ओमानी माणूस नेमायचं धोरण. माझ्या जागी येणारा तरुण माझ्याच फाउंडेशनच्या, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्गात गणित शिकला आणि सरकारी शिष्यवृत्तीवर ब्रिटनमधून पीएच.डी. करून आला. पोरगा हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. १९८८ पासून हा देश हेच सांगतोय. २०१८ मध्ये ८७ कामांसाठी परदेशी माणसांचे नवे व्हिसा थांबवले, २०२१ मध्ये इथल्या सोहार शहरात बेकार पोरं रस्त्यावर उतरली. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही.

इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. मुलगी अकरावीत आहे, बारावीला तिला कुठे बसवायचं? गाडीचं कर्ज फिटायचंय. पंधराएक वर्षं शिकवून पेन्शन शून्य, ग्रॅच्युइटीवर बोळवण. गावाकडे मात्र सगळ्यांना वाटतं, गल्फवाल्यांच्या घरात पैशांच्या थप्प्या आहेत.

म्हणून परत यायचं ठरवलं आणि पुणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात चौकशी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०१८ ची नियमावली म्हणते, नियमित सेवा देशातली असो वा परदेशातली, धरावी. कॉलेज म्हणतं, तुमची करारावरची, म्हणजे नियमित नाही. अहो साहेब, आखातात परक्या प्राध्यापकाला कराराशिवाय कोण उभं करतं? वर विचारलं, तासिका तत्त्वावर येता का?

ओमानने मला काढलं ते आपल्या पोराला पक्की जागा द्यायला. तुम्ही कोणाला देताय? विद्यापीठांतल्या जागा एक तृतीयांश रिकाम्या की निम्म्या, हे तुमचं खातंच जाणे. प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा पास झालेली मराठी पोरं चाळिशीला आली तरी तासांवर राबतात, सुट्टीत पगार नाही. आणि २०१९ मध्ये तर महाविकास आघाडीने ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देणारा कायदा करू म्हणून लिहून दिलं होतं! ते दुसऱ्यांचं सरकार होतं म्हणाल. भूमिपुत्रांचा गजर मात्र सगळ्यांचाच.

भरती करा, नाहीतर निदान परदेशातला करार सेवेत धरायचा की नाही, एवढं एका परिपत्रकात सांगा. ऑगस्टअखेरपर्यंत सांगितलंत तर बरं. त्यानंतर माझा ओमानचा नंबर बंद होईल आणि तिकडचा पत्ता अजून ठरलेला नाही.

आपला,
एक गणिताचा प्राध्यापक, मस्कत