अण्णांची रेघ

चिपळूण, रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत बरी आहे, शुगर ताब्यात. पण आज तुला लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. डाव्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, आणि त्याचं माप धरून ठेवणारा लॉकनट; त्या नटवर अण्णांनी मारलेली पांढरी रेघ आज मी मोडली.

पोराने परशुराम घाटात मारुतीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात घातलं. तेव्हापासून स्टिअरिंग वाकडं धरावं तेव्हा गाडी सरळ जाते. टायरवरून तळवा एका बाजूने फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की करवत.

मग चाकं सरळ आहेत का ते मोजायला तेच अंगण, तीच गवंड्याची दोरी. हवा सारखी केली, स्टिअरिंग मध्यावर बांधलं, रंगाच्या डब्यांवर दोन्हीकडे दोऱ्या ताणल्या. दोरी मागच्या टायरला टेकवायची नाही, आठवतं? त्यावरून तू अण्णांशी तासभर भांडलास. मागची चाकं पुढच्यापेक्षा थोडी आत असतात हे त्यांनी पट्टी लावून दाखवलं, तर चहा न घेताच निघून गेलास! आलं घातलेला चहा होता रे. मी अजून म्हणतो, तो घ्यायला हवा होतास.

उजवं चाक चोख निघालं. डाव्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोरीला ४ मिलिमीटर जवळ, म्हणजे चाक बाहेर फाकलेलं. नट हलेना. सुटला तेव्हा रंगाची खपली माझ्या बोटावर आली. बराच वेळ तसाच गाडीखाली पडून राहिलो. मग रॉड पाव पाव आटा फिरवायचा, गाडी चार पावलं पुढे-मागे ढकलायची की चाकं मोकळी बसतात, आणि पुन्हा मोजायचं. सातव्या खेपेला माप जुळलं.

पण रॉडच वाकला असेल तर? आटे फिरवून माप जुळतं, वाकलेलं लोखंड काही सरळ होत नाही. डोळ्यांना सरळ वाटतोय, पण या बाबतीत तुझ्या डोळ्यावर माझा जास्त भरवसा. शनिवारी पोरगं याच गाडीने कुंभार्ली घाट चढून कराडला निघालंय. त्याच्या आईला यातलं काही बोललो नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? लेकीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे राहिलेत.

शुक्रवारी ये. रॉड काढून फरशीवर लोळवून बघू, वाकडा निघाला तर नवा घालू. नवी रेघ अजून मारलेली नाही.

तुझा,
नाना