हिमनद्यांशी कोकणाचा संबंध आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला हिमालयाच्या बर्फावरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्यात ‘हिमनग’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि अकराही वेळा चुकला आहे. गंगोत्रीला असते ती हिमनदी. हिमनदी समुद्रापर्यंत पोचली आणि तिचा तुकडा तुटून पाण्यात तरंगू लागला, की त्या तुकड्याला हिमनग म्हणतात. बत्तीस वर्षे भूगोल शिकवताना ज्या चुकीला मी अर्धा गुण कापत आले, ती तुम्ही मथळ्यात छापलीत.

नुसता शब्दच चुकला असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. काल संध्याकाळी मी आमच्या पाखाडीत सह्या गोळा करत होते. गेल्या दोन पावसाळ्यांत समुद्राने आमच्या वाडीचा पश्चिमेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नेला, सात माड नेले, विहिरीचे पाणी मचूळ झाले. म्हणून धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा अर्ज ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. चौदा घरांपैकी नऊ घरांच्या सह्या झाल्या होत्या. दहाव्या घरी गेले तर ओटीवर तुमचा पेपर उघडलेला. तिथले भाऊ म्हणाले, “बाई, हे बघा, पेपरातच आलंय. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघतात, हिमालयातला बर्फ राहिला काय नि गेला काय, कोकणाला झळ नाही. आणि २०३५ पर्यंत तो जाणारच आहे म्हणे. मग बंधारा बांधून करायचं काय?” एकाच लेखातून त्यांनी दोन्ही अर्थ काढले. आपल्याला काही होणार नाही आणि सगळे संपल्यातच जमा आहे. त्यांचा दोष नाही, लेखात दोन्ही आहे. त्यांनी सही केली नाही. पुढच्या चार घरांत तुमचा पेपर माझ्या आधी पोचला होता.

आधी ते २०३५. हे साल आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २००७ च्या अहवालात आले होते. त्याला धड आधार नव्हता, म्हणून जानेवारी २०१० मध्ये त्यांनी स्वतः ते जाहीरपणे मागे घेतले. तुम्ही ते पुन्हा छापलेत. खरी माहिती काही सौम्य नाही. काठमांडूची ईसीमोड ही संस्था हिंदुकुश-हिमालयावर काम करते. तिने २०२३ मध्ये सांगितले की २०११ ते २०२० या दशकात तिथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या, आणि उत्सर्जन आजच्यासारखेच राहिले तर शतकाअखेर त्यांचा ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. यातले ‘राहिले तर’ हे शब्द गाळू नका. माणसाच्या हातात जे उरते ते त्याच शब्दांत आहे.

लेखात पुढे ‘हिमनग दरवर्षी मागे सरकत आहेत’ असे आहे. माझ्या वर्गात एका मुलीने हेच वाक्य वाचून विचारले होते, “बाई, बर्फ चढावर कसा चढतो?” फार चांगला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला माझ्या वडिलांच्या होडीत सापडले.

वडील हर्णै बंदरातून मासेमारीला जायचे. निघताना होडीच्या पोटातल्या खणात बर्फाच्या लाद्या फोडून भुगा भरायचे. आठ दिवसांनी परत आले की वरचा भुगा फावड्याने सहज निघे. तळाचा मात्र एकसंध दगड झालेला असे, तो पहारीने फोडावा लागे. मी लहान आणि अंगाने बारीक, म्हणून वडील मला खाली उतरवत. वरचा भुगा मिठासारखा पांढराशुभ्र. तळाचा तुकडा उन्हात धरला की काचेसारखा, आत बारीक बारीक बुडबुडे. ओझ्याखाली कण कणाला चिकटत गेलेले असत आणि मधली हवा तेवढी त्या बुडबुड्यांत कोंडलेली राही.

हिमनदी अशीच घडते, फक्त तिला आठ दिवसांऐवजी कित्येक वर्षे लागतात. उन्हाळ्यात न वितळता उरलेल्या बर्फावर पुढच्या हिवाळ्याचा बर्फ पडतो, त्यावर त्याच्या पुढचा. खालचे थर दबत दबत घट्ट होतात. जाडी तीस-पन्नास मीटरच्या पुढे गेली की तो बर्फ स्वतःच्या वजनाने आतल्या आत वाकत, पसरत उताराकडे निघतो. कुठे तळाशी पाणी असेल तर त्यावरून घसरतोही. ओहोटीला खाडीचे पाणी मध्ये जोरात आणि काठाला सावकाश जाते, तसेच इथेही. लुई आगासीझ या शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर आडव्या सरळ रांगेत खुंट रोवले होते. काही काळाने मधले खुंट पुढे गेले आणि रांग धनुष्यासारखी वाकली.

तर हिमनदीतला बर्फ नेहमी पुढेच येत असतो. वरून जेवढा येतो त्याहून जास्त टोकाशी वितळला, की टोक मागे गेलेले दिसते. मागे जाते ते टोक, बर्फ कधीच उलटा जात नाही. आणि बर्फ इतका पातळ झाला की त्याचे पुढे येणेच थांबले, तर ती हिमनदी राहत नाही. आइसलँडमधल्या ओक हिमनदीचे तसेच झाले. २०१४ मध्ये तिला हिमनद्यांतून वगळले, २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक लावला.

मी स्वतः गोमुखापर्यंत, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या टोकापर्यंत, चालत गेले आहे. तिथले पाणी गंगाजळ म्हणून बाटलीत भरून घेतले. ते राखाडी, गढूळ. रात्री भोजबासाच्या मुक्कामी उशाशी ठेवले, सकाळी पाहते तर वर पाणी निवळलेले आणि तळाला तांदळाच्या पिठीसारखा मऊसूत थर. चिमटीत धरला तर कणही लागेना. तो हिमालयाचा खडक होता. बर्फ आपल्या तळाशी दगडगोटे धरून डोंगर घासत येतो, दरीचा तळ रुंद करतो, कडा उभ्या तासतो आणि उरलेला राडारोडा टोकाशी टाकून देतो. ती बाटली मी वर्गात दरवर्षी हलवून दाखवत असे.

आता कोकणाचा संबंध. सह्याद्रीत हिमनदी नाही, हे तुमच्या लेखकाचे म्हणणे बरोबर. पण सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे इतके पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकले होते की समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. आपला किनारा तेव्हा पश्चिमेला कितीतरी लांब होता आणि वाशिष्ठी, सावित्री या नद्या त्या खोलवरच्या समुद्राकडे आपली खोरी कोरत जात होत्या. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि ती खोरी बुडाली. दाभोळची खाडी, बाणकोटची खाडी म्हणजे तीच बुडालेली खोरी. हिमनदीने इथे कधी पाऊल टाकले नाही, तरी आमच्या खाड्यांत जे पाणी आहे ते तिच्यामुळे आहे.

वर्गात मी दोन पातेली ठेवत असे. एकात पाण्यावर तरंगणारा बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर ठेवलेला बर्फ. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि तास संपेपर्यंत थांबायचे. तरंगणारा बर्फ वितळून पाणी जवळजवळ तिथेच राही. दगडावरचा वितळला की खूण बुडे. म्हणून हिमनग आणि हिमनदी यांत गल्लत चालत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. त्यात पाणी तापून फुगल्याचा वाटा आहे आणि जमिनीवरच्या बर्फाचा आहे. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचे बर्फाचे थर सोडून बाकी हिमनद्यांनीच २००० ते २०२३ मध्ये १८ मिलिमीटरची भर घातली. अंगठ्याच्या रुंदीएवढी. आणि ग्रीनलँड दूर आहे म्हणून आपण सुटलो असेही नाही. तो बर्फ इतका अवजड आहे की भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ कमी होते आणि पाणी दूरच्या समुद्रांकडे, म्हणजे आपल्याकडे, जास्त येते.

आमचा गडगा हिमनद्यांनीच नेला असे मी म्हणत नाही. वाळूउपसा आहे, ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आहे. पण प्रत्येक उधाण आता त्या चढलेल्या पाण्यावर येते.

चुकीच्या शब्दाची ही पहिली वेळ नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडातल्या चमोलीत पूर येऊन दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, तेव्हा तुम्ही ‘हिमनदी फुटली’ असे छापले होते. प्रत्यक्षात रोंती शिखराचा खडक आणि त्यावरचा बर्फ मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर ढिगारा खाली आला होता. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. ते छापले नाहीत, पोचही दिली नाहीत.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. चौथ्या पानावरची भरती-ओहोटीच्या वेळांची चौकट तुम्ही जूनपासून बंद केलीत. तिथे आता फ्लॅटची जाहिरात असते. आमच्याकडे होडी काढायची, शिंपल्यांना जायचे, वाडीचे दार कधी लावायचे, हे सगळे त्या चौकटीवर चालायचे. येत्या अमावास्येच्या उधाणाची वेळ मला शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर पाहावी लागली. चौकट कृपया पुन्हा सुरू करावी.

लेखाची दुरुस्ती रविवारच्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरात छापावी. त्या दिवशी आमच्या स्टँडवर पाच अंक जादा पाठवा, पैसे मी भरेन. पाच घरांच्या सह्या राहिल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
हर्णै, ता. दापोली