मीटर हातात देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आभाराचा विषय काढला की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणायचात आणि विषय तिथंच मिटायचा. पैसे कधी घेतले नाहीत. दिवाळीला दिलेला शर्टपीससुद्धा काकू दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. आता तुम्ही मुलाकडे चिंचवडला राहायला गेला आहात, त्यामुळे मला मध्येच थांबवता येणार नाही. म्हणून जे बोलायचं राहिलं ते सगळ्यांसमोर लिहिते. दुसरंही एक कारण आहे. घरच्या गाडीला स्वतः हात लावायची इच्छा असलेली आणि "तुला नाही जमणार, गॅरेजला टाक" एवढंच ऐकत आलेली पुष्कळ मुलं-मुली आहेत. तुम्ही मला काय शिकवलंत ते त्यांनाही कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. हे काका एस.टी.च्या कोल्हापूर विभागीय कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर शाहूपुरीत आमच्या समोरच्याच घरात असायचे. माझ्याकडे पप्पांची २००२ सालची स्प्लेंडर आहे, किकवाली, ९७.२ सीसीची, टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेली. पप्पा गेल्यावर घरात सगळ्यांचं मत गाडी विकून टाकावी असं होतं. मी ठेवून घेतली आणि कळे गावच्या शाळेत जायला वापरू लागले.

गगनबावड्याचा रस्ता ज्यांनी गळीत हंगामात संध्याकाळी पाहिलाय त्यांना सांगायला नको. कुडित्र्याच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि माझा हेडलाइट गाडी हळू झाली की पिवळा पडून विझायच्या बेताला यायचा. शहरातल्या एका दुकानात म्हणाले, पांढरा एलईडी टाका, पाच मिनिटांचं काम. ते विचारायला मी तुमच्याकडे आले होते.

तुम्ही नको म्हणाला नाहीत. "टाक की पोरी. पण आधी मला सांग, आत्ताच्या बल्बपर्यंत व्होल्ट किती पोचत्यात?"

मला काय माहीत! तेव्हा तुम्ही आत जाऊन तो पिवळा मल्टिमीटर आणलात. त्याच्या चकतीवर काकूंच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके होते: डीसी २० वर लाल, एसी २०० वर गुलाबी. बॅटरी बघायची तर लाल, हेडलाइट बघायचा तर गुलाबी. हेडलाइटला एसी का, हे मी विचारलं आणि तिथून पुढे तासभर तुम्ही पायरीवर बसून खडूने फरशीवर आकृती काढत होतात.

ती आकृती मला अजून पाठ आहे. मॅग्नेटच्या आतली कॉइल एसी करंट तयार करते. कॉइलचं एक टोक इंजिनच्या बॉडीला अर्थ केलेलं असतं. दुसऱ्या टोकातून करंटची एक बाजू आर.आर. युनिटमधून (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) डीसी होऊन बॅटरीत जाते, आणि हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट कॉइलच्या एसीवर चालतो. म्हणून इंजिन हळू झालं की दिवा मंद, रेस केलं की प्रखर. अशा गाडीत एलईडी नुसता खोचला की तो फडफडतो. नीट चालवायचा तर कॉइलचं अर्थ केलेलं टोक बॉडीपासून सोडवायचं, दोन्ही टोकं फुल वेव्ह आर.आर. युनिटला आणायची आणि हेडलाइटची लाइन बॅटरीवर घ्यायची. "करता येतंय," तुम्ही म्हणालात, "पण कॉइल जेवढं बनवतीय तेवढंच मिळणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार?"

मग आपण मोजायला बसलो. इंजिन एका वेगावर ठेवून आर.आर. युनिटच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटवर) एक मोजणी, बल्बच्या होल्डरवर दुसरी. दोन्हींत जवळजवळ दोन व्होल्टचा फरक आला. मीटरची एक काडी बल्बच्या काळ्या वायरला आणि दुसरी चेसीच्या उघड्या लोखंडाला लावायला सांगितलीत. तिथं शून्याच्या आसपास आकडा हवा होता, पण एक व्होल्टहून जास्त दिसला. म्हणजे निम्मी चोरी अर्थिंगमध्ये होती. उरलेली डिप्परच्या स्विचमध्ये सापडली. स्विच उघडला तर आतले पितळी पॉइंट काळे पडलेले. तुम्ही तेव्हा एक गोष्ट सांगितलीत जी मला त्याआधी कोणी सांगितली नव्हती: साध्या फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. दोन व्होल्ट म्हणजे किती उजेड मी रोज वाटेत सांडत होते!

पॉलिश पेपरने थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा कान) आणि चेसीवरची जागा घासली. होल्डरपासून चेसीपर्यंत दीड एमएमची नवी वायर टाकली. थिंबल तुम्ही मला पुन्हा पुन्हा दाबायला लावलीत, ओढून बघायचात आणि सुटली की नुसती नवी थिंबल पुढे करायचात. वर काळी टेप गुंडाळायला निघाले तर थांबवलंत, कारण इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो आणि वर्षभरात ती सुटते. त्याऐवजी स्लीव्ह घालून लायटरने आवळायची. चंदेरी मुलामा गेलेला रिफ्लेक्टर बदलला, बल्ब मात्र कंपनीच्याच ३५/३५ वॅटचा ठेवला.

रात्री गल्लीच्या टोकाला भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली. हेडलाइटच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि मी सीटवर बसले असताना डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली येईपर्यंत तुम्ही हेडलाइट हलवत राहिलात. "समोरच्याच्या डोळ्यात गेलेला उजेड आपल्या काय कामाचा?" एलईडी टाकायची गरजच उरली नाही. एलईडी वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण फिलामेंटसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो बसवला की झोत विस्कटतो आणि समोरून येणारा माणूस आंधळा होतो, हे मी रोज रस्त्यावर बघते आणि मला त्याचा राग येतो.

मोबाइल चार्जरचं काम तुम्ही पूर्ण माझ्यावर सोपवलंत, फक्त गणित आधी मांडायला लावलंत. पाच व्होल्ट दोन अँपिअरचा चार्जर म्हणजे १० वॅट. बॅटरीकडून तो साधारण एक अँपिअर ओढणार. या गाडीची बॅटरी अवघी २.५ अँपिअर अवरची. गाडी बंद असताना चार्जर चालू राहिला तर दोन-अडीच तासांत बॅटरी बसली. म्हणून लाइन चावीनंतरच्या वायरवरून घ्यायची, म्हणजे चावी काढली की चार्जर बंद. आणि फ्यूज उगमाच्या जवळ ठेवायचा, चार्जरच्या जवळ नाही, कारण वायर मध्येच कुठं घासून चेसीला लागली तर फ्यूज तिच्या आधी असला पाहिजे. हे ऐकायला किती साधं आहे. पण बाजारातून बसवून आणलेल्या कितीतरी गाड्यांत फ्यूज मुळात नसतोच.

बाकीची कामं कितीतरी. क्लच केबलमध्ये वरून ऑइल सोडणं, ब्रेकच्या पायडलचा खेळ, चेन कव्हरच्या रबरी बुचातून बोट घालून चेनचा ताण बघणं, प्लगचा गॅप फीलर गेजने ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवणं. प्लग परत लावताना पाना लगेच घ्यायचा नाही, बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवायचा, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की खर्च मोठा. ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' बघूनच घ्यायचं, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा. पेट्रोलची जुनी कडक झालेली नळीही तुम्ही तेव्हाच बदलायला लावलीत.

पण काका, आमची गल्ली तुमची खरी ऋणी आहे ती जुलै २०२१ साठी.

२०१९ चा महापूर सगळ्यांच्या अंगावर ताजाच होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि २०२१ लाही पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. कुंभार गल्लीकडून पाणी आलं तेव्हा माणसं निघाली, गाड्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि जो तो घाबरून आपापल्या गाडीला किक मारायला धावत होता. तुम्ही गुडघे दुखत असताना खुर्ची रस्त्यात टाकून बसलात आणि ओरडलात, "किकला पाय लावायचा नाही कुणी!" सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे तुम्ही प्रत्येकाला वेगळं वेगळं समजावून सांगितलंत.

मग कामाला लावलंत. आधी बॅटरीची वायर सोडायची. प्लग काढायचा आणि प्लग बाहेर असतानाच हळूहळू किक दाबायची. आमच्या गाडीतून पिचकारी उडाली ती माझ्या ओढणीवर. कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडून बाउल रिकामा करायचा. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडात धरायचं, पाणी जड असल्याने तळाला वेगळा थर दिसतो. ड्रेन बोल्ट सोडल्यावर ऑइल काळं आलं तर ठीक, पांढरट दुधाळ आलं तर त्यात पाणी मिसळलंय. मग स्वस्तातलं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन फिरवायचं, तेही काढायचं आणि मग चांगलं भरायचं. चाकं उतरवून ब्रेक ड्रममधला गाळ धुवायचा. कपलर एकेक सोडून आधी स्वच्छ पाण्याने, मग वाळवून. शेजारच्या भावोजींना कपलर पाण्याने धुवायचे हे पटेना. तुम्ही म्हणालात, गाळ आत वाळला तर तो पाण्याहून वाईट.

त्या दिवसांत गॅरेजांपुढे रांगा होत्या, आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच गाड्या गल्लीतच, आमच्याच हातांनी चालू झाल्या. पूर ओसरल्यावर कामावर जायला गाडी असणं म्हणजे काय असतं हे ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्यालाच कळतं. दुधाचा रतीब घालणाऱ्यांची गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी तुमच्या पायाला हात लावला होता, आणि तुम्ही पाय मागे घेतले होतेत.

सायलेन्सरचाही एक प्रसंग लिहायलाच हवा. आमच्या चुलतभावाने फटाके फोडणारा सायलेन्सर आणला होता. तुम्ही त्याला रागावला नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये काय लिहिलंय आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल काय म्हटलंय ते सांगितलंत, आणि मग विचारलंत की समोरच्या आजींना हार्टचं दुखणं आहे, तू रात्री किती वाजता येतोस? त्याने तो बसवला नाही. मी २०२२ ला गाडी पुन्हा पासिंगला आरटीओत नेली तेव्हा दिवा, हॉर्न, इंडिकेटर सगळं पहिल्या झटक्यात चाललं, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी तुमची फार आठवण झाली.

आणि एक. मुलगी म्हणून तुम्ही मला कधी वेगळं वागवलं नाहीत. बाहेरची माणसं थांबून बघायची, कोणी म्हणायचं, "काका, तुम्हीच करा की, पोरीला कशाला चिखलात बसवताय?" तुम्ही त्यांच्याकडे न बघता मला दहा नंबरचा पाना द्यायचात. मी आता शाळेत आठवी-नववीच्या मुलींना सुट्टीत मीटर कसा धरायचा ते शिकवते. पहिल्यांदा बॅटरीवर १२.६ दिसलं की त्यांचे चेहरे काय फुलतात, ते तुम्ही बघायला हवे होते. वायरिंगची आकृती मी फळ्यावर काढते, अगदी तुम्ही फरशीवर काढली होती तशीच, कॉइल डावीकडे आणि बॅटरी उजवीकडे.

मनापासून आभार, काका. मीटर जाताना माझ्याकडे ठेवून गेलात, तो रोज वापरात आहे.

आता कामाचं. हँडल सरळ रेषेत आलं की किंचित अडकतंय, म्हणजे कोन सेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला असं मला वाटतं. नवा सेट आणलाय, ग्रीस आहे, छर्रे घरंगळू नयेत म्हणून खाली जुनी चादर अंथरणार आहे. वरचा नट किती आवळायचा एवढंच तुमच्यासमोर करायचंय. शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. काकूंना सांगा, फोन त्यांनीच धरावा, तुमचा हात हलतो.

तुमची,
समोरच्या घरातली स्प्लेंडरवाली